सांदवाडीचा दिवा



ज्या चंद्रपुरातील औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे आणि जेथून निघालेली वीज मनोऱ्यामागून मनोरे ओलांडीत राज्याच्या दूरदूरच्या भागांपर्यंत पोचते, त्याच चंद्रपूर जिल्ह्यातील आणि १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील गृहस्थाला रात्री आपल्याच घरामागच्या सांदवाडीत अंधारात चाचपडावे लागावे, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांपासून बोचत आलेली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि शिकविलेल्यांपैकी किती जण हा एक दिवा बिनचूक जोडतात, याची चौकशी मी अद्यापही करीत असतो.

आपल्याकडील घर तुमच्या डोळ्यांपुढे आहेच. पुढे ओसरी, मध्ये राहण्याच्या खोल्या, मागे सांदवाडी आणि तिच्या टोकाला न्हाणी व संडास. दिव्याचे बटण असते मागच्या दाराच्या आत, आणि शेतावरून उशिरा परतलेला माणूस येतो तो मागच्या फाटकाने. म्हणजे दिवा लावण्यासाठी त्याला आधी सगळा अंधार तुडवीत यावे लागते. मण्यार रात्रीच फिरते. ताडोबाच्या आसपासच्या गावांत बिबट कुत्र्याच्या मागावर अंगणापर्यंत येतो, हे तेथील लोकांना मी सांगावयास नको. म्हणून एक बटण दाराशी आणि दुसरे फाटकाशी असावे, आणि दोहोंपैकी कोणत्याही बटणाने तोच दिवा लावता किंवा मालवता यावा, इतकीच ही मागणी आहे. वायरमन मंडळी हिलाच जिन्याची वायरिंग म्हणतात.

ती कशी चालते हे समजण्यासाठी आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाकडे चला. तलावाच्या पाळीखालून तुडुमातून पाणी निघते. समजा, तेथून धानाच्या बांधीपर्यंत शेजारीशेजारी दोन पाट काढलेले आहेत. तुडुमाशी बसलेला माणूस फळी फिरवून पाणी उजव्या पाटात तरी घालतो, नाहीतर डाव्या पाटात. पाणी अजिबात बंद करणे त्याच्या अखत्यारात नाही. खाली बांधीच्या तोंडाशी दुसरा माणूस बसला आहे, आणि तोही बांधीचे तोंड उजव्या पाटाला तरी जोडतो, नाहीतर डाव्या पाटाला. दोघांनी एकच पाट धरला की बांधी भिजते. वेगवेगळे धरले की पाणी एका पाटात खोळंबते आणि बांधी दुसऱ्या पाटाकडे तोंड करून कोरडी राहते. आता दोघांपैकी कोणीही एकाने आपली फळी फिरविली, तर वाहणारे पाणी थांबते आणि थांबलेले वाहू लागते. टू-वे स्विचाला तीन टोके असतात ती याचसाठी. फेज पहिल्या स्विचाच्या मधल्या टोकावर, दोन स्विचांच्या दरम्यान दोन तारा, दुसऱ्या स्विचाच्या मधल्या टोकापासून दिव्यापर्यंत एक तार, आणि न्यूट्रल कोणत्याही बटणात न शिरता सरळ दिव्याला.

हे शेवटचे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण आजचे माझे सगळे बोलणे त्याच्यासाठी आहे. न्यूट्रल बटणात शिरता कामा नये. बटणातून जावयाची ती फेज. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही एकट्या न्यूट्रलवर स्विच बसविण्यास मनाई होती, आणि ती केवळ कागदी शिस्त म्हणून घातलेली नव्हती. न्यूट्रल तोडून दिवा मालविणे म्हणजे तुडूम उघडे ठेवून बांधीच्या खालच्या अंगाचे तोंड बुजविणे होय. प्रवाह थांबतो खरा, परंतु बांधी काठोकाठ भरलेलीच राहते, आणि कोरडी समजून पाय टाकणारा फसतो.

सांदवाडीत याहूनही वाईट प्रकार घडतो. फाटकापर्यंत दोन तारा नेण्याचा खर्च वाचविण्यासाठी, न्हाणीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आयते मिळतात असे पाहून, काही जण प्रत्येक स्विचाच्या एका बाजूच्या टोकावर फेज व दुसऱ्यावर न्यूट्रल लावतात आणि दोन्ही मधली टोके दिव्याला देतात. दिवा दोन्हीकडून लागतो, दोन्हीकडून मालवतो, आणि घरधनी समाधानाने मजुरी चुकती करतो. परंतु या जोडणीत दिवा मालविलेला असण्याच्या अवस्था दोन आहेत: एकीत होल्डरच्या दोन्ही टिकल्यांवर न्यूट्रल असते, दुसरीत दोन्हीवर फेज. दुसऱ्या अवस्थेत बांधीला दोन्ही अंगांनी तुडुमाचे पाणी लागलेले असते. पातळी सारखी असल्यामुळे ते वाहत नाही, एवढेच. शिवाय बोटभर स्विचात फेज आणि न्यूट्रल शेजारी बसतात आणि ठिणगीने जुळले तर शॉर्ट होतो, ते वेगळेच. आमच्या नात्यातील एका वहिनीने भर श्रावणात, दिवा विझलेला पाहून, ओल्या पायांनी स्टुलावर चढून बल्ब बदलावयास घेतला, आणि धक्क्यासरशी ती खाली पडली. ती वाचली. जोडणी वर्षभर बिनतक्रार चालत होती, आणि एवढ्यावरूनच ती बरोबर आहे असे सर्वांनी धरून ठेवले होते. बाबांनो, दिवा विझणे आणि वीज जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत!

पुष्कळ जण मला विचारतात की, एलईडीचा बल्ब बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणतो, तो या चुकीमुळे काय? कधी तसे असते. पण बरोबर जोडणीतही दोन तारा लांबवर शेजारून धावतात आणि एकीचा परिणाम दुसरीवर होऊन असा उजेड दिसू शकतो. तेव्हा मिणमिणण्यावरून निदान करू नका. परवानाधारक तारतंत्र्यास बोलवा आणि होल्डरवर टेस्टर लावून तपासावयास सांगा. तेही एकदा तपासून पुरे नाही. दोन बटणांचे चार मेळ होतात, त्यांपैकी दोहोंत दिवा बंद असतो, आणि त्या दोन्ही मेळांत होल्डर निर्जीव सापडला पाहिजे. एकातच तपासले तर वहिनीच्या घरची जोडणीही निर्दोष ठरली असती.

तिसऱ्या ठिकाणी, समजा गोठ्याशी, बटण हवे असेल तर काय करावे, हेही मला सांगावयाचे होते. तेथे इंटरमीडिएट स्विच लागतो. त्याला चार टोके असतात, आणि तो दोन पाटांच्या वाटेत बसून उजव्याचे पाणी डाव्यात व डाव्याचे उजव्यात घालतो, किंवा दोन्ही पाट सरळ जाऊ देतो. असे कितीही स्विच मध्ये घालता येतात. मात्र दोन्ही टोकांना... परंतु स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झालेली आहे. गोठ्याचे बटण पुढच्या खेपेस पाहू. पावसाला सुरुवात होण्यापूर्वी सांदवाडीतील होल्डर दोन्ही मेळांत तपासून घ्या, दोन्ही मेळांत.