सावलीतले हाड
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरगुती विषय घ्यायला सांगितले होते. मी क्ष-किरणांचा घेतला आहे. हसू नका. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण हा विषय आमच्या घरात सासूबाईंच्या पायाने आला.

गेल्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या. फोटो काढला, त्यात काही दिसले नाही, म्हणून घरी पाठवले. मी शेक दिला, तेल लावले आणि "उठा, चार पावले टाका" म्हणून मागे लागले. बारा दिवसांनी दुसरा फोटो काढला, तेव्हा खुब्याचे हाड मोडलेले निघाले. मोडक्या हाडावर मी त्यांना चालवले, हे मनातून जात नाही. शेवटी भाच्याला धरून बसवले आणि विचारले, फोटो खोटा बोलतो कसा?

तो म्हणाला, "मामी, हा फोटो म्हणजे सावली. मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसली की चीर सावलीत उमटत नाही." मग त्याने भिंतीपुढे हात धरला. ट्यूबलाइटच्या उजेडात कडा पुसट. निरांजनापुढे बोट न् बोट वेगळे. उजेडाचा उगम जितका बारीक, तितकी सावली रेखीव.

अशा रेखीव किरणांसाठी आपल्या इंदूरलाच राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 नावाचे यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन फिरवायला सुमारे 172 मीटर घेराचे कडे बांधावे लागले. एवढे कडे गावोगाव कोण बांधणार? म्हणून शास्त्रज्ञ लेसरकडे वळले. नर्मदेत नाव गेली की मागे लाट उठते ना, तसा लेसरचा झोत विरळ वायूत सोडला की मागे लाट उठते. इलेक्ट्रॉन त्या लाटेवर स्वार होऊन सेंटीमीटरभर अंतरात भयंकर वेग घेतात, वळवळतात, आणि त्या वळवळण्यातून क्ष-किरण निघतात. उगम केसाहून कितीतरी बारीक.

ताजिमा आणि डॉसन यांनी ही लाटेची युक्ती 1979 सालीच मांडली होती. तेवढा जोरकस लेसर नव्हता. तो मार्ग 1985 साली डोना स्ट्रिकलंड या बाईंनी आपले गुरू जेरार मूरू यांच्याबरोबर दाखवला. नऊवारी आधी पसरून खळ लावावी, मग निऱ्या करून मुठीत धरावी, तसे त्यांनी झोत लांबवून त्याचा जोर वाढवला आणि मग आवळला. सेकंदाचे कोटी-कोटी भाग केले तर त्यातले चारपाच भागच असा झोत टिकतो. दोघांना 2018 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बाईंचे नाव मी मुद्दाम पाठ केले आहे.

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत अशा किरणांनी माणसाच्या हाडाच्या तुकड्याचे फोटो घेतले. ते 2015 साली छापून आले. हाडाच्या आतली जाळी, आपल्या अनारशासारखी, सर्व बाजूंनी दिसते. हीच जाळी म्हातारपणी विरते. पण लहान यंत्र म्हणजे ओट्यावर मावणारे नव्हे हं! लेसरलाच मोठी खोली लागते, आणि दवाखान्यात ते अजून आलेले नाही.

सासूबाईंनी हे सगळे ऐकून एवढेच विचारले, "माझ्या दुसऱ्या पायाला मिळेल का रे?" भाचा काही बोलला नाही. त्या वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी लांबण लावले की तो आपटतात, आताच आपटला.