शपथ आणि दोन मने

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, मेहकर येथे झालेले भाषण)



व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. मी केवळ मॅट्रिक झालेला सेवानिवृत्त शिक्षक. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु स्वतःच्या हातून घडलेली चूक सांगण्याचा अधिकार मला खचित आहे.

माझा एक जुना विद्यार्थी दारूच्या आहारी गेला. त्याच्या मातोश्रींच्या विनवणीवरून मी त्याला चार वडीलधाऱ्यांसमक्ष देवापुढे बसवून शपथ घ्यावयास लावली. ती त्याने रडत रडत घेतली. आठ दिवसांत तो पुन्हा प्याला, आणि मला पाहताच रस्ता बदलू लागला. शपथ खोटी होती, असे आम्ही ठरवून टाकले. आज वाटते, त्याचे अश्रू खरे होते आणि तहानही खरी होती.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली एका लेखात, व पुढे १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह ग्रंथात, हेच विवेचन केले आहे. 'सोडावी' आणि 'सोडू नये' हे दोन्ही पक्ष व्यसनी माणसाच्या मनात एकाच वेळी नांदतात. आपण एक पक्ष आवेशाने मांडला, की तो दुसऱ्याची वकिली करू लागतो. आणि स्वतःच्या तोंडून पुनःपुन्हा निघालेले माणसाला पटत जाते. म्हणून जाणता समुपदेशक उपदेश न करता विचारतो, पिण्याने तुला काय मिळते? आपल्या घरांत हा प्रश्न कोणी विचारतो काय? आम्हा शिक्षकांना तर उत्तर आधी सांगण्याचीच खोड!

शिवाय दीर्घकाळ अतोनात पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावरही बेतते. तेथे शपथ नव्हे, डॉक्टर हवा.

गेल्या दिवाळीत मी त्याच्या घरी गेलो व तो प्रश्न विचारला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गुरुजी, प्यालो की कर्ज आठवत नाही." मी गप्प राहिलो. मग तोच म्हणाला, "पण मुलगी जवळ येत नाही." डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाविषयी त्याने ऐकले होते. तेथे किती दिवस राहावे लागते, असे त्याने आपणहून विचारले.

तो अद्याप गेलेला नाही. मात्र आता रस्ता बदलत नाही.

आज सायंकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत सामुदायिक शपथविधी आहे. त्याचा अध्यक्षमहाराजांनी फेरविचार करावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.