हंगामी मागणी आणि कंपाइल केलेला प्रोग्राम

आपल्या वऱ्हाडात संगणकावरच्या सेवांची मागणी हंगामी आहे, आणि आजचे माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने मोबाइलवर गट नंबर निवडायचा, पिकाची नोंद करायची, वावरात उभे राहून फोटो काढायचा आणि माहिती पाठवायची. मुदत जवळ आली की सगळ्यांची एकच घाई, मुदत सरली की शुकशुकाट. पीकविम्याची शेवटची तारीख, दहावी-बारावीच्या निकालाची दुपार, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळीकडे हेच चित्र. अशा कामासाठी वर्षभर सर्व्हर चालू ठेवायचा म्हटले, तर तो अकरा महिने रिकामा बसतो आणि नेमका बाराव्या महिन्यात अपुरा पडतो. लहान गावातल्या संस्थेने सर्व्हरलेस फंक्शनची वाट धरावी, आणि त्यात टाकायचा प्रोग्राम गो किंवा रस्टसारख्या कंपाइल होणाऱ्या भाषेत लिहावा, असे माझे ठाम मत आहे.

ही पद्धत तशी नवी नाही. ॲमेझॉनने लॅम्डा ही सेवा नोव्हेंबर 2014 मध्ये जाहीर केली. जून 2016 मध्ये त्यांचे मुंबई केंद्र सुरू झाले. आपण फक्त प्रोग्राम द्यायचा. विनंती आली की कंपनी एक छोटे बंदिस्त यंत्र उभे करते, प्रोग्राम चालवते आणि नेमून दिलेली मेमरी व लागलेला वेळ यांच्या गुणाकारावर पैसे लावते. हे यंत्र उभे करणारे फायरक्रॅकर हे सॉफ्टवेअर रस्टमध्येच लिहिलेले आहे. सुरुवातीला बिलाचा वेळ 100 मिलिसेकंदांच्या पटीत मोजला जाई. म्हणजे 12 मिलिसेकंदांत संपणाऱ्या कामाचेही 100 चेच पैसे, आणि प्रोग्राम वेगवान करून खिशाला काही फायदा नाही. डिसेंबर 2020 पासून मोजणी एकेका मिलिसेकंदावर आली. ऑगस्ट 2025 पासून तर पायथॉन, जावास्क्रिप्ट यांसारख्या भाषांच्या तयार वातावरणांत सुरुवातीच्या तयारीचा वेळही बिलात धरला जातो. पूर्वी तो सुटत असे. भाषेची निवड ही आता केवळ आवडीची बाब उरली नाही, ती थेट हिशेबात उतरली आहे.

कंपाइल करणे म्हणजे काय, हे जिनिंगच्या गावांना वेगळे सांगायला नको: सरकी इथेच काढायची आणि रुईची गाठ बांधून पुढे पाठवायची. पायथॉनमधला प्रोग्राम सरकीसकट जातो. तिकडे प्रत्येक नव्या यंत्रात आधी इंटरप्रिटर जागा होतो, मग लायब्ऱ्या वाचल्या जातात, मग काम सुरू होते. गोचा प्रोग्राम म्हणजे एकच तयार फाइल. जावाही कंपाइल होते, पण तिला सोबत स्वतःचे आभासी यंत्र उभे करावे लागते. म्हणून तिच्या संथ सुरुवातीवर कंपनीला 2022 मध्ये वेगळा उपाय आणावा लागला.

आकडे मांडू. समजा, अकोल्याच्या बाजार समितीतले तूर-सोयाबीनचे भाव सांगणारे फंक्शन महिन्यात 10 लाख वेळा चालले; मेमरी 128 एमबी, दर वेळी 20 मिलिसेकंद. वापर झाला 2,500 जीबी-सेकंद. दरमहा 10 लाख विनंत्या आणि 4 लाख जीबी-सेकंद फुकट असतात. एक जीबीचा सर्व्हर तीस दिवस चालू ठेवला तर तोच आकडा 25,92,000 होतो. अर्थात लॅम्डाचा सेकंदाचा दर साध्या सर्व्हरपेक्षा पुष्कळ चढा आहे. ज्याच्याकडे रात्रंदिवस सारखी वर्दळ आहे, त्याने सर्व्हरच घ्यावा. आपल्याकडे ती नाही.

अडचणी येतात त्या बहुधा प्रोग्राम पाठवताना. गो आणि रस्टसाठी लॅम्डाला 'बूटस्ट्रॅप' याच नावाची फाइल लागते. विंडोजवर झिप केली की फाइल चालवण्याची परवानगी बहुतेक वेळा गळून पडते आणि तिकडे 'परमिशन डिनाइड' येते. दुसरी अडचण अधिक छळणारी आहे. लॅपटॉपवरच्या ताज्या लिनक्समध्ये बांधलेला प्रोग्राम तिथली नवी 'जीलिबसी' ही सी-भाषेची मूळ लायब्ररी मागतो. ॲमेझॉन लिनक्स 2 मध्ये मात्र 2.26 ही जुनी आवृत्ती, आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. उपाय सोपा आहे: गोमध्ये सी-भाषेचा दुवा बंद ठेवायचा, रस्टमध्ये 'मसल' लायब्ररी आतच जोडून घ्यायची. प्रोसेसर एआरएम की इंटेल, हेही बांधतानाच ठरवायचे. या चुका एकदाच, पाठवताना कळतात. ऐन मुदतीच्या रात्री त्या पुन्हा डोके वर काढत नाहीत, म्हणून मी त्यांना दोष मानत नाही.

कोणी म्हणेल, अशी भाषा आमच्या मुलांना झेपेल का? गोमध्ये राखीव शब्द अवघे 25 आहेत. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला ती एका सत्रात निश्चित येते. कोणी म्हणेल, एका कंपनीच्या दावणीला का बांधायचे? ही शंका रास्त आहे. मात्र हिशेबाचा भाग वेगळ्या फाइलींत ठेवला आणि कंपनीच्या विनंतीशी बोलणारा भाग पातळ ठेवला, तर उरलेला प्रोग्राम कुठल्याही लिनक्स यंत्रावर चालतो. आपल्याच कार्यालयात संगणक ठेवा म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातला अकोल्याचा पारा आणि भारनियमन दोन्ही लक्षात घ्यावीत.

सगळ्यात भक्कम आक्षेप डेटाबेसचा आहे. फंक्शने एकाच वेळी शेकड्यांनी उभी राहतात आणि प्रत्येक जण डेटाबेसचे दार ठोठावतो. लहान डेटाबेस तेवढ्या जोडण्या पेलू शकत नाही. प्रोग्राम कितीही वेगवान असला तरी रांग तिथेच लागते. म्हणून एका वेळी किती फंक्शने चालावीत याची मर्यादा आधीच घालावी, दिवसातून एकदाच बदलणारे भाव डेटाबेसमधून पुन्हा पुन्हा न मागता तयार फाइलीतून द्यावेत, आणि नोंदी थेट न लिहिता आधी रांगेत घेऊन डेटाबेसला सोसेल त्या गतीने उतरवाव्यात.