जुनी पिकअप, मोठे टायर आणि काकूंची पायरी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे कीर्तन होतं, नाट्यगीतं होतात, मुलांच्या स्पर्धा होतात. टायरवर भाषण बहुधा पहिल्यांदाच होत असावं. पण कार्यकारिणीचा आग्रह पडला की, "तुमच्या त्या गाडीचं एकदा सगळ्यांना सांगाच." म्हणून उभे आहोत.

आम्ही म्हणजे तिघे चुलत भाऊ. एक धारला, दोघे देवासला. बोलायचं काम डिप्लोमावाल्याकडे, म्हणजे सरकारी नोकराकडे आलं. फाइलीत लिहायची सवय असल्यामुळे मुद्देसूद बोलेल, असा बाकी दोघांचा गैरसमज आहे.

आपली घराणी पवारांच्या मागोमाग माळव्यात आली. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी १७२८ च्या सुमारास देवासला बस्तान बसवलं; धारला दुसरी पाती. त्या काळी माळव्यात यायचं तर घोडा लागे. आमची जमीन बागली तहसिलीत आहे, विंध्याच्या उताराखाली, आणि तिथे जायला आजही पावसाळ्यात साधी कार चालत नाही. डांबरी रस्ता संपला की चार किलोमीटर काळी माती आणि मधे एक नाला. वाड्यात काकू राहतात. गौरी तिथेच बसतात. त्यामुळे भाद्रपदात पोहोचायचं म्हणजे पोहोचायचंच.

त्यासाठी आम्ही जुनी डबल केबिनची पिकअप घेतली. चारही चाकांना जोर असलेली. इंजिन ठणठणीत, बाकी सगळं सैल. आणि मग आम्हाला ती हौस शिरली, जी मोबाइलवर डोंगर चढणाऱ्या गाड्या पाहिल्या की शिरते. गाडी उंच करायची, टायर मोठे टाकायचे.

गाडीला मूळ टायर होते २१५/७५ आर १५. हा आकडा पुष्कळांना कोडं वाटतो, म्हणून सांगतो. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची, आणि १५ म्हणजे रिमचे इंच. हिशोब केला की टायरची एकूण उंची साधारण ७०४ मिलिमीटर येते. आम्ही टाकले ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटरचे. फरक ८३ मिलिमीटर. पण गाडी त्यातल्या निम्म्यानेच उचलली जाते, कारण वाढलेला अर्धा भाग आसाच्या वर जातो. एवढ्या खर्चाने पोटाखाली मिळाले जेमतेम चार सेंटिमीटर. दोन बोटं!

टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून मिस्त्रीने मागचे-पुढचे पाटे वाकवून दिले, शॅकल लांब केले. गाडी ऐटीत उभी राहिली. गल्लीतल्या मुलांनी फोटो काढले. आम्हीही काढले.

आता त्याची किंमत ऐका. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. काट्यावर ५० दिसतात तेव्हा खरा वेग ५६ असतो. इंजिन तेच, गिअर तेच, त्यामुळे चढावर जमिनीपर्यंत पोहोचणारा जोर सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. ब्रेकचंही तसंच. ड्रम-डिस्क जुनेच, चाक मोठं आणि जड, म्हणजे थांबायला अंतर जास्त. गाडीचं वजन वर गेलं, म्हणजे वळणावर कलंडण्याची भीती जास्त. पाटे उंच केले की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि जॉइंट लवकर खातात. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. आम्हाला ठाऊक होतं. हौसेपुढे आठवलं नाही, इतकंच.

आठवलं ते घाटात. गौरी विसर्जन झालं आणि काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला देवासला आणायचं होतं. आधी काकूंना गाडीत चढवताच येईना. शेवटी दुधाचा कॅन उलटा ठेवून चढवलं. वाटेत पावसाची सर आली. चढणीच्या वाटेवर मधे एक उतार आहे आणि त्याच्या पायथ्याशी उजवं वळण. ब्रेक दाबला, गाडी नेहमीच्या जागी थांबली नाही. स्टेअरिंग पूर्ण तोडलं, तर टायर आत चासीला घासला आणि पुढे वळेचना. पुढचं डावं चाक कठड्याच्या दगडाला टेकलं आणि गाडी थांबली. दगडापलीकडे दरी होती.

कोणाला खरचटलंही नाही. पण गाडीत कोणी बोलेना. वायपर तेवढे चालू होते. मग काकू म्हणाल्या, "अरे, गाडी एवढी उंच केलीत की मला चढता येईना, आणि तुम्हाला थांबता येईना. मग केलीत कोणासाठी?"

यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

घरी आल्यावर कायदाही वाचला, जो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो तो वेगळाच. दिवसभर दुसऱ्यांना नियम दाखवणाऱ्या सरकारी नोकराच्या दारात बेकायदा गाडी उभी होती, हे कबूल केलेलं बरं.

आपल्या धार जिल्ह्यातच, पीथमपूरला, गाड्यांच्या चाचणीचं मोठं केंद्र आहे, नॅट्रॅक्स. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. चढाच्या, ब्रेकच्या चाचणीचे ट्रॅक वेगळे. टायर, ब्रेक, पाटे, स्टेअरिंग एकमेकांशी जमतात का, हे पाहायला एवढा पसारा लागतो. आम्ही ते एका दुपारी, चहा पीत, बदलून टाकलं होतं.

मग आम्ही काय केलं? टायर परत कागदावरच्याच मापाचे घेतले, पण खोल नक्षीचे. पाटे मूळ उंचीचे नवे बसवले. ब्रेक संपूर्ण नवे केले. चारही चाकांच्या जोराचा लो गिअर अडकत होता, तो दुरुस्त करून घेतला. खरी चढाई तो लो गिअर करतो, टायरची उंची नाही. पुढे-मागे ओढायचे मजबूत हूक, एक दोर, फावडं, दोन फळ्या आणि हवा भरायचा छोटा पंप. सगळ्याचा खर्च त्या ३१ इंची टायरांपेक्षा कमी झाला.

आपल्या काळ्या मातीबद्दल दोन शब्द. ही माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या नक्षीत अशी भरते की चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. रुंद टायर चिखलावर तरंगतो, आणि खाली कडक थर असेल तर अरुंद टायर तो चिखल कापून थराला धरतो. आमच्या वाटेवर खाली मुरूम आहे, त्यामुळे अरुंदच बरा. गाडी रिकामी असेल तर हवा ३० वरून १८-२० वर आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायचीच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आधी काठी घेऊन पायी चालून बघायचं. नाल्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढ असेल तर गाडी घालायची नाही. गाडी कितीही उंच असो.

गेल्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी नेमकं तेच झालं. नाल्याला पाणी होतं. आम्ही तिघे, बायका-मुलं आणि पुरणाचा डबा, अलीकडच्या काठावर तीन तास बसलो. मुलं कंटाळली. ते ३१ इंची टायर असते तर आम्ही नक्की गाडी घातली असती. त्या टायरांनी आम्हाला दिली होती ती ताकद नव्हतीच, नसती हिंमत होती. संध्याकाळी पाणी उतरलं, लो गिअरमध्ये सावकाश पलीकडे गेलो. नैवेद्याला उशीर झाला. काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "गौरी थांबल्यात. त्यांना घाई नाही."

तरुण मंडळींना एवढंच सांगणं. जुनी गाडी जरूर घ्या, हात काळे करा, मजा आहे त्यात. पण पहिला पैसा ब्रेकवर घाला, ऐटीवर शेवटचा. आपल्या बाप्पाने एवढं मोठं शरीर उंदरावर सोपवलंय. वाहनाच्या उंचीचं त्याला काही पडलेलं नाही.

गाडी मंडपाच्या मागे उभी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी आरतीनंतर यावं. दाराखाली एक रुंद पायरी बसवली आहे, ती आधी पाहा. काकू आज त्याच पायरीवरून उतरून आल्या आहेत आणि पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!