पदवी आणि उमेदवारी



संस्कृत पाठशाळेत शिकविणाऱ्या माणसाने आज धातूंविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे धातू ‘भू’, ‘कृ’, ‘गम्’ असे. भट्टीत वितळणाऱ्या धातूंशी आमचा परिचय नाही. परंतु माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा धातू व पदार्थ अभियांत्रिकीची पदवी घेत आहे, आणि त्याच्यामुळे या दुसऱ्या धातूंचा विचार मला करावा लागला.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याला सहा आठवडे एका कारखान्यात पाठविण्यात आले. यालाच हल्ली इंटर्नशिप म्हणतात. आपला जुना शब्द उमेदवारी. तो परतला तेव्हा हाती सुंदर प्रमाणपत्र होते. मी विचारले, “भट्टी पाहिलीस ना?” तो म्हणाला, “काका, भट्टीजवळ जाऊच दिले नाही. कार्यालयात बसून जुन्या नोंदी संगणकात भरल्या.” प्रमाणपत्रावर मात्र त्याने उष्णताप्रक्रियेचे ज्ञान संपादन केल्याचे लिहिले होते.

मी त्याला रागावलो नाही. मला माझीच लाज वाटली. ‘रसरत्नसमुच्चया’तील मुशींचे व कोष्ठींचे वर्णन मी वर्षानुवर्षे अर्थासह सांगत आलो आहे, पण एकही मूस मी विस्तवावर ठेवलेली नाही. वस्तुतः आपल्या रसशास्त्रकारांचा दंडक याहून कडक होता. जो स्वतः प्रयोग करून दाखवितो तोच गुरू आणि जो तो पुन्हा करू शकतो तोच शिष्य, असा ‘रसेंद्रचिंतामणी’कारांचा अभिप्राय आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात तो आवर्जून नमूद केला.

पोलादाला पाणी देण्याचेच उदाहरण घ्या. पोलाद सुमारे ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडविले की ते कठीण, पण ठिसूळ होते. मग पुन्हा कमी आचेवर तापवून त्याला चिवटपणा आणावा लागतो. असे का होते ते ग्रंथ सांगतो. परंतु ग्रंथातल्या आकृतीत तेल कधी तापत नाही. कारखान्यात शंभरावा नग बुडेपर्यंत ते तापलेले असते. भट्टीच्या दारापाशी आच कमी, आत अधिक. अणकुचीदार कोपऱ्यापाशी नग तडकतो. हे पाहिल्यावाचून पदवीधर झालेला अभियंता, म्हणजे सूत्र पाठ असून रूप न चालविता येणारा वैयाकरण!

या ज्ञानाची वाटणी आपल्या बऱ्हाणपुरात फार जुनी आहे. सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने येथील सोन्याचांदीच्या तारांनी विणलेल्या वस्त्रांची आणि ती इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याची नोंद केली आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचे पत्र चढवून ती पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढावयाची. ओढता ओढता धातू कठीण होतो. तो पुन्हा मऊ करण्यासाठी तापवावा लागतो. हे ज्ञान तारकशांच्या हातांतून हातांत गेले, पोथीत फारसे उतरले नाही. एका गल्लीत शास्त्र आणि दुसरीत कला राहिली. मधली वाट आपण बांधली नाही.

इतरत्र ती बांधण्याचे यत्न झाले आहेत. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली हर्मन श्नायडर यांनी अवघ्या २७ विद्यार्थ्यांपासून, काही काळ वर्गात व काही काळ कारखान्यात, अशी पद्धती सुरू केली. आपल्याकडे मालवीयजींच्या काशीच्या विद्यापीठात १९२३ साली धातुशास्त्राचे पदवीशिक्षण सुरू झाले. ज्या प्रांगणात वेदवेदांगे, त्याच प्रांगणात भट्टी. पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून कारखान्यातील अभ्यासाला पदवीतच स्थान दिले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमातही उमेदवारीला श्रेयांक आहेत. तेव्हा नियमाची उणीव नाही. उणीव आहे ती निष्ठेची.

माझा पुतण्या दुसऱ्या वेळी एक संपूर्ण सत्र कोल्हापूरकडील एका ओतकामाच्या कारखान्यात राहिला. तेथील वृद्ध मिस्त्री वाळू मुठीत दाबून म्हणाले, “आज ओल जास्त आहे.” याने उपकरणाने ओल मोजली, मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरले. त्या दिवशीच्या ओतीव नगांत वायुछिद्रे निघाली. त्यांतील एक सदोष नग महाविद्यालयात आणून याने कापला, घासून चकचकीत केला, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि प्राध्यापकांपुढे त्याची मीमांसा केली. पुढे त्याची छायाचित्रे त्याने मिस्त्रींना नेऊन दाखविली. चाळीस वर्षे ज्याच्याशी झुंजलो त्या दोषाचे अंतरंग मी प्रथमच पाहिले, असे ते म्हणाले. शिष्याने गुरूला दिलेली याहून चांगली दक्षिणा मला ठाऊक नाही.

दोन्ही वेळा मुलगा तोच होता. पहिल्या वेळी कोणी त्याला विचारणारा नव्हता. दुसऱ्या वेळी दोन ठिकाणी दोन गुरू होते, रोजची वही होती आणि परतल्यावर उत्तर द्यावयाचे होते. एवढे असेल तर उमेदवारी हे अध्ययन आहे. नसेल तर ती फुकटची चाकरी आहे.

एक गोष्ट मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. पदवीधर उमेदवारांसाठी १९७३ च्या कायदादुरुस्तीने विद्यावेतनाची सोय झाली. पदवीपूर्व उमेदवाराच्या हाती पुष्कळदा काहीच पडत नाही. माझे बंधू येथे यंत्रमागावर काम करतात. मुलाच्या कोल्हापुरातील खोलीच्या भाड्यासाठी त्यांनी कर्ज काढले. ज्याचा पिता असे कर्ज काढू शकत नाही, त्याच्या मुलाने प्रमाणपत्रावरच समाधान मानावे काय?

म्हणून या वर्धापनाच्या मंगल प्रसंगी गुरुचरणी माझी एकच विनंती आहे. परगावी कारखान्यात शिकावयास जाणाऱ्या निर्धन विद्यार्थ्याला आपल्या शिष्यपरिवारातील घरांत काही महिने आश्रय आणि दोन वेळचे अन्न मिळावे. पूर्वी काशीला निघालेल्या विद्यार्थ्याला वाटेतील गावे जेवू घालीत असत. आजच्या या विद्यार्थ्याची काशी भट्टीपाशी आहे. त्याच्या वाटेवरचे गाव आपण व्हावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.