माझ्या गावातल्या पाच जागा

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, पुण्यात राहते, पण माझं गाव भिलाई. हे सांगितलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे तिकडे नोकरीला होते का कोणी?’ हो, होते. भिलाईत सगळेच नोकरीला होते.

2019 मध्ये मला एका परदेशी प्रकाशकाचा मेल आला. जगभरातले चित्रकार, छायाचित्रकार, डिझायनर आपापल्या गावातल्या आवडत्या पाच जागा सांगतील आणि काढतील, त्याचं पुस्तक करायचं होतं. नमुन्याची पानं सोबत जोडलेली होती. कोणाचं फरशांचं जुनं दुकान, कोणाचा बंदरावरचा कॅफे. सुंदर पानं होती. माझ्याकडून त्यांना पुणं हवं होतं. मी लिहिलं, पुणं नको, भिलाई देते. त्यांनी बहुतेक नकाशा उघडून पाहिला असावा, कारण उत्तर यायला आठवडा लागला.

होकार आला आणि मी अडकले. पुण्याचे वाडे मी डोळे मिटून काढते, कोकणातली उतरती छपरं काढते. ज्या घरात वीस वर्षं राहिले त्याच्या खिडकीला गज किती, ते मात्र मला आठवेना. चार की पाच? आईला फोन केला. ती म्हणाली, ‘येऊन मोज. लवकर ये पण, सोडायचं आहे आता.’

भिलाईबद्दल थोडं सांगते. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. माझे बाबाही 1959 चेच. ते म्हणायचे, ‘भट्टी आन् मी एका वर्गातले.’ ते वर्धा जिल्ह्यातले. एक गंमत बघा, करार झाला तेव्हा वर्धा आणि भिलाई एकाच राज्यात होते, जुन्या मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर. पुढच्या वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, रेषा बदलली. त्यामुळे बाबा परप्रांतात गेले असं मी म्हणते तेव्हा ते मान हलवतात. ‘आपण कुठंच नाही गेलो. सीमाच सरकली.’

शहर सेक्टरांचं. पत्ता म्हणजे आकडे: स्ट्रीट अमुक, क्वार्टर तमुक, सेक्टर 6. शेजारी मल्याळी, समोर तेलुगू, कोपऱ्यावर सरदारजी, भाजीवाली छत्तीसगढी. घरात मराठी, अंगणात हिंदी. आणि क्वार्टर कंपनीचं. निवृत्त झालात की काही महिन्यांत किल्ली परत द्यायची. लहानपणापासून सगळ्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे त्यात अन्याय वगैरे कोणाला वाटत नाही. फक्त ‘आमचं घर’ म्हणताना जीभ जराशी अडखळते.

ऑक्टोबरात मी वह्या घेऊन गेले. बाबा निवृत्त झाले होते, खोक्यांचे ढीग लागले होते. गज पाच निघाले.

पहिली जागा सोपी होती. सेक्टर 10 चं इंडियन कॉफी हाऊस. वाढप्यांच्या डोक्यावर तुरेवाला पांढरा फेटा, जाड कपात कॉफी. दहावीच्या निकालाला आम्ही तिथे डोसा खाल्ला, माझ्या चित्रकलेच्या हट्टावरून भांडणही तिथेच झालं, हळू आवाजात. दुसरी जागा मैत्री बाग. 1972 मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून झालेली बाग आणि प्राणिसंग्रहालय. पांढरे वाघ बघायला लांबून लोक येतात. वाघाचं चित्र मी काढलं नाही. पिंजऱ्यासमोर बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं काढली आणि निघाले.

तिसरी जागा म्हणजे कुठल्याही रेल्वे स्टेशनवरचा फलाट. हे जरा समजावून सांगावं लागेल. बाबा रेल मिलमध्ये होते. भारतीय रेल्वेचे रूळ कित्येक दशकं भिलाईतूनच जात होते. रुळाच्या बाजूला, मधल्या उभ्या भागावर, कारखान्याचं नाव आणि वर्ष उठावात असतं. मी हे पहिल्यांदा वर्ध्याच्या फलाटावर पाहिलं. बाबा वाकून रूळ वाचत होते आणि आई त्यांच्या शर्टाचं टोक धरून उभी होती, तोल जाऊ नये म्हणून. तेव्हापासून आमच्या घरी गाडी उशिरा असली तर कोणी कुरकुर करत नाही. वाचायला असतं. मी पॉवर हाऊस स्टेशनवर बसून रूळ काढले. शेजारी गुपचुपवाला होता. तुम्ही ज्याला पाणीपुरी म्हणता ती आमच्याकडे गुपचुप.

चौथ्या जागेनं मला दोन दिवस ठेवून घेतलं. भिलाई-3 च्या पुढे, चरोद्याजवळ देवबलोदा नावाचं गाव आहे. तिथे कलचुरी काळातलं, तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ आहे. शेजारी कुंड. भिंतीवर हत्ती आहेत, शिकारी आहेत, नाचणाऱ्या बायका आहेत, आणि वर शिखर नाही. कोणीतरी काम अर्धं टाकून उठून गेल्यासारखं ते दिसतं.

मी चित्र काढत असताना फुलं विकणारी एक म्हातारी शेजारी येऊन बसली. मला ‘नोनी’ म्हणाली. त्या भागात मुलीला नोनी म्हणतात. तिनं गोष्ट सांगितली, तिथे सगळेच ती सांगतात. सहा महिन्यांची एक रात्र होती. कारागीर त्या रात्रीत देऊळ घडवत होता, आणि कामात इतका बुडालेला की अंगावर वस्त्राचंही भान नव्हतं. बायको रोज जेवण आणून द्यायची. एक दिवस बायकोऐवजी बहीण आली. तिला पाहून तो लाजला आणि वरून कुंडात उडी मारली. बहिणीनंही तळ्यात उडी घेतली. देऊळ राहिलं तसंच.

मी विचारलं, ‘आजी, त्याला कपडे घालून परत कामाला लागता आलं नसतं का?’ ती हसली. म्हणाली, एकदा कोणी बघितलं की मग हात तसा चालत नाही. हे मला कुठल्या कलाशाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मी गेली काही वर्षं काढलेलं प्रत्येक चित्र दहा मिनिटांत फोनवर टाकत होते. त्या दौऱ्यातलं मात्र एकही टाकलं नाही. टाकावंसं वाटलं नाही, एवढंच.

आता कलावंत आणि त्यांच्या जागा असा विषय आहेच, तर आमच्या भागाचा थोडा तोरा मिरवू द्या. भिलाईपासून थोड्याच अंतरावर गनियारी हे तीजनबाईंचं गाव. बायकांनी बसूनच पंडवानी गायची, ही रीत मोडून त्या तंबोरा घेऊन उभ्या राहिल्या आणि गायल्या. त्यांनी भिलाई कारखान्यात नोकरीही केली. आम्हा पोरांना याचं भारी अप्रूप होतं. 2019 मध्येच त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि दुर्गच्या पलीकडे राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरी मराठी बोलणारा, हिंदीत लिहिणारा कवी. भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. तळ्याकाठच्या त्या घरातला गोल जिना मी शाळेच्या सहलीत पाहिला. तेव्हा एवढंच वाटलं होतं की आपल्यासारखेच दोन भाषांचे लोक इथे आधीही राहून गेलेत.

पाचवी जागा आमचं मागचं अंगण. तिथे आंबा आहे. मी जन्मले त्या वर्षी आईनं कोय पुरली होती. फांद्या छपरावर गेल्यात, मेमध्ये रात्री पत्र्यावर आंबा पडला की धाडकन आवाज व्हायचा. पूर्वी कारखान्यात वितळलेली मळी ओतली की आकाश नारिंगी व्हायचं आणि त्या उजेडात आम्ही पडलेले आंबे शोधायचो. आता बरीच मळी पाण्यानं दाणेदार करून सिमेंटला देतात. आकाश पूर्वीसारखं पेटत नाही. फुप्फुसांसाठी ते बरंच असणार.

मी अंगण काढत बसले. बाबा मागे येऊन उभे राहिले.

‘कायले काढून राह्यली हे? आपलं थोडीच आहे?’

‘झाड तर आपलं आहे, बाबा.’

‘जमीन कंपनीची. झाड जमिनीचं.’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत. वहीत वाकून म्हणाले, ‘डावीकडची फांदी खालून निघते. तू वरून काढली.’ बरोबर होतं. मी खोडली. रेल मिलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला सरळ काय आणि वाकडं काय, हे दिसतंच.

पाच पानं पाठवली. संपादकबाईंनी चार घेतली आणि पाचव्याबद्दल विचारलं, ‘इथे वाचक जाऊ शकतात का?’ मी लिहिलं, नाही. पुढच्या महिन्यात मीही जाऊ शकणार नाही. त्यांनी फार नीट समजावलं की हे कोणाचं तरी राहतं घर आहे, पत्ता छापता येणार नाही. मला आधी राग आला. मग वाटलं, उद्या त्या घरात राहणाऱ्या बाईच्या मागच्या दारी कोणी कॅमेरा घेऊन उभं राहिलं तर? पान मी परत घेतलं. दुसरी जागा सुचवा म्हणाले, ती सुचवली नाही. पुस्तकात सगळ्यांच्या पाच जागा आहेत, भिलाईच्या चार. एक पान फाटलंय का, असं काही वाचकांनी विचारलंही. म्हणून आज इथे सांगितलं, तेही स्ट्रीट नंबर न सांगता.

किल्ली द्यायच्या दिवशी नवे लोक घर बघायला आले. तरुण जोडपं, कडेवर लेकरू, बोलणं छत्तीसगढी. बाबा त्यांना मीटर आणि पाण्याचा कॉक दाखवत होते. आई त्या मुलीला मागे घेऊन गेली. मी दारात उभी राहून ऐकत होते. लोणच्याला अमुक आठवड्यात उतरव, एक वर्षाआड जास्त धरतो, पहिल्या पावसानंतर खाऊ नको, अळी असते. मुलगी ‘हव, हव’ करत होती. शेवटी आईनं तिचा फोन नंबर घेतला. बाप्पा, झाडासाठी फोन नंबर!

आई-बाबा आता वर्ध्याला असतात. पुढच्या मेमध्ये त्या मुलीनं आईला एक फोटो पाठवला. छपरावर गेलेली मोठी फांदी कापलेली, बुंध्याशी लेकरू बसलेलं. मला धस्स झालं. आईनं चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला.

‘बरं केलं,’ ती म्हणाली. ‘मलाच कापायची होती ती.’