परदेशवारी आणि कावीळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भिलाई-3 येथे दिलेले भाषण)



रेल्वेच्या आणि पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आपली वडीलधारी मंडळी भिलाईस आली आणि इथलीच झाली. आज त्यांची नातवंडे अमेरिकेत, आखातात आहेत. प्रवासापूर्वी तिकीट, व्हिसा, विमा यांची आपण कसोशीने चौकशी करतो. यकृताची मात्र कोणी करीत नाही. म्हणून आज आम्ही काविळीविषयी चार शब्द बोलणार आहोत.

कावीळ हे लक्षण होय. तिच्या मुळाशी बहुधा यकृतदाहाचे विषाणू असतात. ‘ए’ आणि ‘ई’ दूषित अन्नपाण्यातून येतात. ‘बी’ आणि ‘सी’ मुख्यत्वे रक्तातून. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीस पाणी पुरविणाऱ्या यमुनेत उपशाच्या ठिकाणी सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. पाणी नळाचेच होते! पुढे जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले, तेव्हा ती साथ ‘ए’ची नव्हे असे दिसून आले, आज ती ‘ई’ची मानली जाते.

आम्हांस वाटते, सर्वांत बेसावध प्रवासी म्हणजे परदेशातून स्वगृही येणारा. आपल्या पिढीतील बहुतेकांना ‘ए’ बालपणीच नकळत होऊन गेला व प्रतिकारशक्ती लाभली. स्वच्छ पाण्याच्या देशात वाढलेल्या नातवंडांना ती नाही. हॉटेलात बाटलीचे पाणी मागणारा पाहुणा आजीच्या घरी माठातले पाणी निःशंक पितो, बर्फ घातलेला उसाचा रस घेतो. त्याने प्रवासापूर्वी किमान दोन आठवडे ‘ए’ची लस घ्यावी. ‘बी’च्या तीन मात्रांना साधारण सहा महिने लागतात, तेव्हा आधीच आरंभ करावा. परक्या वस्तऱ्याने दाढी, गोंदणे, अशुद्ध सुई टाळावी.

‘ए’ची लस ‘ई’पासून वाचवीत नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाल्यास शंभरात वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीसाठी खळखळून उकळलेले पाणी हेच पहिले डोहाळजेवण समजावे.

‘ए’ची लक्षणे दिसण्यास दोन ते सात आठवडे लागतात. परतल्यावर डोळे पिवळे झाले, तर प्रवासाची हकिकत डॉक्टरांस अवश्य सांगावी. कावीळ ‘उतरविण्यात’ दिवस दवडू नयेत.

पाहुणचारात पाणी प्रथम येते. ते निर्मळ असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.